भाचीसाठी केलेलं वेळापत्रक

जून २०२३ मधली गोष्ट आहे. सात तारखेला आमच्या कोल्हापुरात जे झालं ते वाचकांना आठवत असेल. काही पोरांनी मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसवरून बंदची हाक दिली गेली, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला, आणि शहराचं इंटरनेट बंद झालं. माझ्या धाकट्या भावाचं छोटं गॅरेज आहे. त्या दिवशी त्यानं शटर आतून ओढून घेतलं आणि दोन कामगार पोरांना घेऊन चार तास अंधारात बसून राहिला. गॅरेजला काही झालं नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण तो घरी आला तो वेगळाच माणूस होऊन आला.

शुक्रवारी जुम्मा झाल्यावर तो माझ्याकडे आला. चहाला हात न लावता म्हणाला, "आपा, पोरीला यंदा शाळेत पाठवत नाही. एक वर्ष घरीच शिकव तिला. तुझं बीएड आणखी कधी कामाला येणार?"

पोरगी म्हणजे माझी भाची. तेरा वर्षांची. मराठी माध्यमाच्या हायस्कुलात पाचवीपासून शिकते. सातवी झाली होती, पंधरा तारखेला आठवीचा वर्ग सुरू होणार होता. शाळेचा रस्ता नेमका त्याच चौकांमधून जातो.

मी एकोणीस वर्षं शिकवते आहे, उर्दू आणि मराठी दोन्ही. एरवी कुणी पालक असं म्हणाला असता तर मी त्याला उभ्या उभ्या चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण समोर माझा भाऊ होता आणि त्याच्या पोटातली भीती माझ्याही पोटात होती. मी दोन दिवस स्वतः बुरखा घालून बाहेर पडताना जिन्यातच थबकले होते. म्हणून मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, "बकरी ईदपर्यंत मला मुदत दे. वर्षभर घरी शिकवायचं तर काय काय शिकवायचं, कधी, कुणी, हे आधी कागदावर मांडते. कागदावर बसलं तर पुढचं बघू."

त्याच रात्री मी वसईच्या बाईंना फोन लावला.

या बाई म्हणजे माझ्या जुन्या सहकारी. मूळच्या वसईच्या, कॅथलिक. यजमानांच्या नोकरीमुळे बरीच वर्षं कोल्हापुरात होत्या. आम्ही एकाच स्टाफरूममध्ये आठ वर्षं डबा खाल्ला. वसईचे ख्रिस्ती म्हटलं की अनेकांना वाटतं, घरात इंग्रजी किंवा पोर्तुगीज बोलत असतील. तसं नाही. पोर्तुगीज सत्ता तिथून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी संपवली, पण लोकांची बोली त्याआधीही तिथलीच होती आणि आजही आहे. त्यांची प्रार्थना मराठीत, भजनं मराठीत. बाई आमच्या शाळेत मराठीच शिकवायच्या आणि त्यांचं व्याकरण आम्हा सगळ्यांपेक्षा पक्कं होतं.

त्यांनी आपल्या मुलाला एक अख्खं वर्ष घरी शिकवलं होतं, हे मला माहीत होतं. तेरा वर्षांचा असताना त्याचं मोठं ऑपरेशन झालं. वर्षभर गर्दीत पाठवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा त्यांनी एक जाड वही केली होती. स्टाफरूममध्ये त्या ती वही उघडून बसायच्या आणि आम्ही त्यांची थट्टा करायचो, की बाईंनी घरी पण टाचण काढायला सुरुवात केली.

मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वही अजून आहे हो. पण बाई, माझं पोरगं आजारी होतं. तुमची पोरगी आजारी नाही. एवढं लक्षात ठेवून वाचा."

नेट पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले. मी ते मोठे करून करून दोन रात्री वाचले. एका कॅथलिक आईनं आपल्या वयात येणाऱ्या मुलासाठी आखलेला अभ्यास मी एक मुसलमान शिक्षिका वाचत होते, आणि पानोपानी मला माझंच घर दिसत होतं.

आधी त्यांनी एक तयार अभ्यासक्रम पाहिला होता. अमेरिकेत हजारो कॅथलिक कुटुंबं मुलांना घरीच शिकवतात आणि त्यांना घरपोच अभ्यासक्रम देणाऱ्या संस्था आहेत. व्हर्जिनियातली सेटन होम स्टडी स्कूल ही त्यांतली एक जुनी संस्था. बाईंच्या एका नातेवाइकानं तिथली पुस्तकं दाखवली. बाईंना त्यातली शिस्त आवडली, पण पुस्तकातलं घर वेगळं, हवा वेगळी, इतिहास वेगळा. म्हणून त्यांनी स्वतःचा आराखडा केला.

त्या आराखड्याचा कणा होता चर्चचं वर्ष. नाताळच्या आधीचा आगमनकाळ, मग नाताळ, मग ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, मग ईस्टर. बाकीचे विषय त्या कण्याला जोडलेले. उपवासकाळात मुलानं घरखर्चातून किती पैसे वाचवून गरिबाला दिले, याचा हिशेब गणितात. ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते, हे विज्ञानात. मराठीच्या तासाला फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण. एका इंग्रज पाद्र्यानं मराठी शिकून ओवीछंदात रचलेला हा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यात छापला गेला. धर्माच्या तासाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल, म्हणजे मुलाला समजेल अशा मराठीत. आणि रविवारी, तब्येत जरा सुधारली तसं, चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवायचंच, मागच्या बाकावर बसून का होईना.

मी विचारलं, "घरी तुम्हीच शिकवत होता, मग रविवारी तिकडे कशाला?"

त्यांनी मला एक गोष्ट समजावून सांगितली, ती मला नवी होती. त्यांच्याकडे मूल तान्हं असताना बाप्तिस्मा होतो. तेव्हा त्याच्या वतीनं आईवडील आणि धर्ममातापिता उत्तरं देतात. मग साधारण याच वयात, बारा ते पंधराच्या दरम्यान, दृढीकरण नावाचा संस्कार होतो. त्या वेळी मुलाला पुन्हा तेच प्रश्न विचारतात, आणि या खेपेला उत्तर त्यानं स्वतः द्यायचं. आई शेजारी उभी असली तरी तिचं उत्तर चालत नाही.

"आमच्या चर्चनं १९६५ च्या जाहीरनाम्यात म्हटलंय, की आईवडील हे मुलांचे पहिले शिक्षक," त्या म्हणाल्या. "पहिले म्हटलंय बाई, एकमेव नाही म्हटलं. त्याला चार लोकांत उभं राहून बोलता आलं पाहिजे. ते मी स्वयंपाकघरात कसं शिकवणार?"

मी फोन ठेवला आणि विचारात पडले. आपल्याकडे असा वेगळा समारंभ नाही. पण वय तेच आहे. मूल बालिग झालं की नमाज आणि रोजा त्याच्या स्वतःच्या खात्यावर फर्ज होतात. तोवर आपण त्याला बोट धरून नेतो; त्यानंतर कयामतच्या दिवशी त्याचा हिशेब त्याच्याकडूनच घेतला जाणार. माझी भाची त्या उंबरठ्यावर उभी होती आणि आम्ही तिच्या वतीनं सगळी उत्तरं देत होतो. तिला कुणी अजून विचारलंच नव्हतं.

तरीही मी कागद केला. शब्द दिला होता.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन झालं पाहिजे. म्हणजे दिवसाला साडेचार तास. माझी स्वतःची शाळा अकरा ते पाच. फजरनंतर एक तास आणि मगरिबनंतर एक तास, असे दोन तास मी देऊ शकत होते. २२० दिवसांचे ४४० तास झाले. उरलेले ५६० तास कोण शिकवणार? भाभी दहावीपर्यंत शिकलेली, हुशार आहे, पण तिच्या मागे सासू, धाकटा मुलगा आणि गॅरेजच्या पोरांचे डबे. भाऊ म्हणाला, "मोबाइलवर व्हिडिओ असतात की." ज्या मोबाइलमुळे शहर पेटलं, त्याच मोबाइलवर तो मुलीला सोपवायला तयार झाला होता. पण मी तेव्हा काही बोलले नाही.

फजरनंतरचा तास कुरआनचा ठेवला. तिचा नाजरा मकतबमध्ये दहाव्या वर्षीच पूर्ण झाला होता. सुरेख वाचते. पण अर्थ विचारला तर फातिहाच्या पलीकडे गप्प. ही काही तिची एकटीची गोष्ट नाही, आपल्या बहुतेक घरांत हेच आहे. उर्दू तिला अक्षरं जोडून वाचता येते, म्हणून मी मराठी आणि उर्दू दोन्ही तरजुमे समोर ठेवले.

पहिला धडा म्हणून सूरह लुकमान घेतली. त्यात लुकमान आपल्या मुलाला समजावतात. अल्लाहशी कुणाला भागीदार ठरवू नकोस, आईवडिलांचे उपकार मान, मोहरीच्या दाण्याएवढं कर्मही खडकात दडून राहणार नाही, नमाज कायम कर, जे सोसावं लागेल त्यावर सब्र कर. आणि मग लोकांकडे पाहून तोंड फिरवू नकोस, जमिनीवर तोऱ्यात चालू नकोस, चाल मध्यम ठेव, आवाज खाली ठेव. चार दिवस आम्ही हेच वाचत होतो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "फुफू, यातलं अर्धं तर रस्त्यावरचं आहे. मी घरातच बसले तर चाल कुणाला दाखवू?"

ती हसत म्हणाली. मीही हसले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

मोठ्या आलिमांनी या प्रश्नाचा किती विचार केलाय, हे अशा वेळी आठवतं. इब्ने खलदून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या मुकद्दिमामध्ये मुलांच्या अभ्यासक्रमावर एक प्रकरण आहे. मगरिबमध्ये मुलांना आधी नुसतं कुरआन शिकवत. अंदलुसमध्ये त्याच्या जोडीला कविता, पत्रलेखन आणि हस्ताक्षर. काझी अबू बक्र इब्नुल अरबी यांनी सुचवलं होतं, की आधी भाषा आणि कविता, मग हिशेब आणि मग कुरआन शिकवा, म्हणजे मुलाला समजून वाचता येईल. इब्ने खलदून यांना ही सूचना पसंत पडली, पण ते म्हणतात, मूल लहान असतं तोवरच आईबापांच्या हाताखाली असतं. थांबलो तर कुरआन राहूनच जाईल, म्हणून लोक ते आधी शिकवतात. सहाशे वर्षांपूर्वीची ही चर्चा माझ्या भाचीच्या वहीपाशी येऊन थांबत होती. तिनं वाचन आधी केलं होतं, समजणं मागे राहिलं होतं. ते आता घरालाच भरून काढायचं होतं, कारण ते शाळेचं काम नाही. एवढा एक तास खरोखर घराचा होता, हे माझ्या लक्षात आलं.

त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे. मुलांवर फार सक्ती केली, तर ती खोटं बोलायला आणि लपवायला शिकतात, असं इब्ने खलदून बजावतात. ते वाक्य मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात कितीदा तरी सांगितलं आहे. आपल्याच घरात त्याचा प्रत्यय येईल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही चंद्राचा धडा केला. त्या वर्षी बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली होती, २९ जूनला. गावात त्यावरूनही कुजबुज चालू होती. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आपल्या लोकांनी ठरवलं, की नमाज त्या दिवशी आणि कुर्बानी दुसऱ्या दिवशी. शरियतमध्ये तशी मुभा आहेच, कारण कुर्बानीचे दिवस एकाहून जास्त असतात. भाचीनं विचारलं, "फुफू, दोन्ही एकाच दिवशी कसं काय आलं?"

मी वसईच्या बाईंची वही उघडली. ईस्टर चंद्रावर ठरतो, २१ मार्चच्या पौर्णिमेनंतरचा, म्हणजे त्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असं त्यांनी मुलाला चित्र काढून शिकवलं होतं. मी तेच चित्र पुढे नेलं. आपला महिना चंद्रकोर दिसली की सुरू होतो. हिंदू पंचांगाचा महिना आपल्या महाराष्ट्रात अमावास्येनंतर लगेच, प्रतिपदेला. कोर बहुधा एक दिवस उशिरा दिसते, म्हणून आपली एक तारीख साधारण त्यांच्या द्वितीयेला येते. मग आपली दहा तारीख कधी? तिनं बोटांवर मोजलं. "एकादशीला!" मग दर वर्षी आषाढीलाच बकरी ईद का नाही? कारण आपलं वर्ष ३५४ दिवसांचं, दर वर्षी सूर्यवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवस मागे सरकतं. हिंदू पंचांग साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून परत ऋतूंशी जुळवून घेतं. २०२३ मध्येच अधिक श्रावण होता. म्हणजे पुढच्या वर्षी ही जोडी राहणार नाही. मग तिनं कॅलेंडर मागवलं आणि स्वतःच शोधून काढलं, की त्याच वर्षी रमजान ईद अक्षय्य तृतीयेला होऊन गेली होती, आणि ईद-ए-मिलाद अनंत चतुर्दशीला, २८ सप्टेंबरला येणार होती.

मी एकोणीस वर्षांत इतका चांगला धडा क्वचितच घेतला असेल. गणित, विज्ञान, दीन, शेजारधर्म सगळं एका पानावर आलं. मी खूश होऊन म्हटलं, "बघ, घरी किती छान शिकता येतं!"

ती त्या चित्राकडे बघत म्हणाली, "हे वर्गात फळ्यावर काढता आलं असतं तर." तिची बाकावरची मैत्रीण वारकरी घरातली. तिचे आजोबा दर वर्षी पंढरपूरला चालत जातात. "तिला सांगितलं असतं तर ती ओरडलीच असती," ती म्हणाली, आणि वही मिटून ठेवली.

वसईच्या बाईंच्या वहीचं शेवटचं पान मी तोवर नीट पाहिलं नव्हतं. त्यावर मथळा होता : घरात न मिळणारं. खाली चारच ओळी होत्या. बरोबरीची मुलं. प्रयोगशाळा. आपल्या मताच्या नसलेल्या शिक्षकांकडून शिकणं. आईचा डोळा चुकवून एखादी चूक करण्याची मोकळीक.

मी माझ्याही कागदाला तसं पान जोडलं. त्यांच्या चार ओळींखाली एक पाचवी ओळ लिहिली, ती पैशांची. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते. ज्यांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, अशा घरांतल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. पण ती सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत नियमित शिकणाऱ्यालाच मिळते. घरी बसलेल्या मुलीला तो फॉर्मच भरता येत नाही.

दोन जुलैला, रविवारी, मी कागद घेऊन भावाकडे गेले. ईदचं गोश्त अजून फ्रिजमध्ये होतं, भाभीनं जेवायला बसवलं. जेवणं झाल्यावर मी तास दाखवले, पैसे दाखवले. आमच्या आजोबांची आठवण काढली. आजरा तालुक्यातल्या खेड्यातून ते दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये राहून शिकले. १९०६ मध्ये शाहू महाराजांच्या पुढाकारानं ते बोर्डिंग सुरू झालं होतं. याच महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. मी म्हटलं, "तुझ्यावर आता बारा रुपये दंड बसेल बघ." भाऊ हसला नाही.

तो म्हणाला, "आपा, आजोबांच्या काळात हे नव्हतं. उद्या रस्त्यात कुणी तिला काही बोललं तर?"

माझ्याकडे उत्तर होतं, लांबलचक होतं. पण मला वसईच्या बाईंचा शब्द आठवला. मी भाचीला हाक मारली आणि म्हटलं, "तुझे अब्बा विचारतायत. उत्तर तू दे."

ती दारातच उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "अब्बा, गेल्या वर्षी पण बोलले होते. दोन पोरं होती, सायकलवर. दोनदा बोलले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही शाळा बंद केली असती म्हणून."

घरात कुणी काही बोललं नाही. अम्मीची तस्बीह थांबली. माझा भाऊ मान खाली घालून सतरंजीची शिवण उचकत राहिला. वर्षभर ही तेरा वर्षांची पोर ते शब्द एकटी घेऊन शाळेत जात होती, येत होती, आणि आम्हाला त्रास होऊ नये म्हणून घरात हसत होती. आम्ही तिला जपत होतो असं आम्हाला वाटत होतं.

बऱ्याच वेळानं भावानं विचारलं, "मग तू काय केलंस तेव्हा?"

"दुसऱ्यांदा वर्गशिक्षिकेला सांगितलं. त्या दोन दिवस माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आल्या. मग नाही कुणी बोललं."

तिचं उत्तर तिनं आधीच दिलं होतं, चार लोकांत. आम्हाला फक्त ते ऐकायचं बाकी होतं.

सोमवारी भाऊ तिला स्कूटरवरून सोडायला गेला. जुलैचा पूर्ण महिना गेला, ती फाटकाच्या आत दिसेनाशी होईपर्यंत थांबायचा. ऑगस्टमध्ये तीच म्हणाली, "अब्बा, आता मी चालत जाते." एकच करार झाला : कुणी काही बोललं तर त्याच दिवशी घरी सांगायचं, आणि सांगितलं म्हणून शाळा बंद होणार नाही.

माझा कागद फुकट गेला नाही. १००० तासांचा तो आराखडा आटून आठवड्याला सहा तासांचा झाला. फजरनंतर अर्धा तास कुरआन अर्थासह. शनिवारी संध्याकाळी उर्दू. रविवारी सकाळी सीरत आणि तिचे प्रश्न, ज्यात पाकीचे मसाइलही आले. ते सांगायला भाभी लाजत होती, मग आम्ही तिघी दार लावून एकत्र बसलो आणि दोन रविवारांत लाज संपली. सगळं सुरळीत चाललं असंही नाही. उर्दूचा शनिवार महिन्यातून दोनदा तरी बुडायचा. मार्च २०२४ मध्ये रमजान आणि वार्षिक परीक्षेची तयारी एकदम आली आणि वेळापत्रक पार कोलमडलं. एनएमएमएसच्या यादीत तिचं नाव आलं नाही. ते ४८,००० रुपये काही आमच्या घरात आले नाहीत. भावानं मला एकदाही ते ऐकवलं नाही.

काही घरांना खरोखरच मुलाला घरी शिकवावं लागतं, हे मी नाकारत नाही. लांबलेलं आजारपण असतं, बदलीची नोकरी असते, शाळा फार दूर असते. अशा बहिणींना एवढंच सांगेन, की वाट बंद होत नाही. चौदा वर्षांपर्यंत मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात परत प्रवेश मिळण्याचा हक्क कायद्यानं दिला आहे. पुढे दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचीही सोय आहे. बालभारतीची पुस्तकं, उर्दूसुद्धा, तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पण आराखडा करताना ते शेवटचं पान आधी लिहा. आणि वही मिटण्याआधी ज्याच्यासाठी ती केली, त्या मुलाला किंवा मुलीला समोर बसवून एकदा विचारा. आपण सगळे राखणदार आहोत आणि आपल्याला आपल्या हाताखालच्यांविषयी विचारलं जाईल, हे हदीसमधून आपण ऐकत आलो आहोत. राखणदाराला निदान माहीत तरी हवं, की ज्याची राखण करतोय त्याच्यावर काय गुजरतंय.

भाची आता दहावीत आहे. आषाढीच्या सुमारास तिची ती वारकरी मैत्रीण घरी आली होती. दोघी कॅलेंडर पसरून पुढची जोडी कधी येणार याचा हिशेब करत बसल्या होत्या. साधारण तेहेतीस वर्षांत आपलं वर्ष पूर्ण फेरा घेऊन परत तिथंच येतं, हे त्यांनी काढलं. मग दोघींनी स्वतःचं तेव्हाचं वय मोजलं आणि हसून हसून लोळल्या. मी वसईच्या बाईंना फोन करून ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते चित्र माझ्या वहीतलं आहे, हे सांगितलंत ना पोरींना?"

सांगितलं होतं, बाई. अल्लाह तुम्हाला सुखी ठेवो.